झाकणताईचं कपाट

मॅडम दुकानात आल्या तेव्हा चावीवाला एका गोदामाच्या चावीचे दात घासत होता. त्याने मान वर केली नाही. टाचांच्या आवाजावरूनच त्याने ओळखलं. हा आवाज त्याने पूर्वी एकदाच ऐकला होता, पण तो कानात जाऊन बसला होता आणि काही केल्या निघत नव्हता.

"काका, ओळखलंत का मला?"

"कुलूप कुठलं आहे?"

"कुलूप नाही हो!" मॅडम हसल्या. बिस्किटांचा एक डबा त्यांनी फळीवर ठेवला. "मी बालवर्गाची संचालिका. तुमच्या मिसेस होत्या ना आमच्याकडे. मुलं काय बरं म्हणायची त्यांना..."

"झाकणताई."

"हां, झाकणताई! किती गोड. त्यांचं कळलं मला. फार वाईट झालं."

चावीवाल्याने चावीवर फुंकर मारली. पितळेची पूड उडून बिस्किटांच्या डब्यावर बसली. ती त्याने पुसली नाही.

झाकणताई हे नाव तिला गल्लीनेच दिलं होतं. कुणाकडेही बाटली रिकामी झाली की झाकण धुऊन वेगळं ठेवलं जायचं. शाम्पूचं, औषधाचं, तेलाचं, शाईचं. ती संध्याकाळी पिशवी घेऊन फिरायची आणि दारात उभी राहून विचारायची, "काही निघालं का आज?" चावीवाला दुकानात बसलेल्यांना सांगायचा, "लोकांच्या बायका दागिने जमवतात. माझीला झाकणाशिवाय काही दिसत नाही. उद्या मी मेलो तर आधी माझी टोपी काढून ठेवेल." ती आतून ओरडायची, "तुमची टोपी कुठल्या बाटलीला बसणार आहे?"

त्या झाकणांचं ती काय करायची ते त्याला चांगलं ठाऊक होतं, कारण कापाकापी सगळी त्याच्याकडे असायची. बाटल्यांच्या माना तो तापलेल्या पात्याने कापायचा. पुठ्ठ्याचे तुकडे खळीने एकावर एक चिकटवून, वर पाट्याचा दगड ठेवून वाळवायचा. मग त्या जाड पुठ्ठ्याला भोकं पाडून खालून माना बसवायच्या. झाली झाकणांची पाटी. समोर झाकणांचा ढीग, आणि मुलाने प्रत्येक मानेचं झाकण शोधून फिरवून लावायचं. "मनगट वळायला शिकलं की पुढे पेन्सिल आपोआप वळते," ती म्हणायची. काडेपेट्यांमध्ये तांदूळ, खडे, बटणं भरून तोंडं कापडाने बंद करायची, प्रत्येकाच्या दोन-दोन. मुलांनी हलवून, कानाशी लावून जोडी लावायची. कपडे अडकवायच्या हँगरला दोन्हीकडे दह्याचे रिकामे कप बांधले की तराजू.

आणि प्रत्येक खेळात ती एक हट्टी ठेवायची. झाकणांत एक झाकण असं, जे कुठल्याच मानेला बसणार नाही. काडेपेट्यांत एक अशी, जिला जोडी नाही. तो सापडला की मुलांनी आरडाओरडा करून त्याला हट्टीच्या वाटीत नेऊन टाकायचं.

"हे कशाला? पोरं उगाच अडतात," चावीवाल्याने एकदा विचारलं होतं.

"अडू देत. पण अडलं म्हणजे आपला हात वाईट, असं नसतं हो. कधीकधी झाकणच तसलं असतं. हे लहानपणी एकदा कळलं की पुरे."

तिचं हे सगळं बालवर्गातल्या एका लोखंडी कपाटात असायचं. कपाटाला कुलूप त्याने स्वतः बसवलं होतं. नव्या मॅडम आल्या. त्यांच्यामागून टेम्पो भरून रंगीत प्लास्टिकची खेळणी आली. त्याच सुमाराला झाकणताई आजारी पडली आणि दवाखान्यात होती. ती बरी होऊन कामावर गेली त्या दिवशी तो तिला संध्याकाळी न्यायला गेला. कचराकुंडीशेजारी, गळक्या नळाखाली तिचं सगळं सामान पडलं होतं. पुठ्ठ्याचा लगदा झाला होता. काडेपेट्या फुगून फुटल्या होत्या. ती त्यात वाकून काहीतरी शोधत होती. मागून टाचा वाजवत मॅडम गेल्या. "अहो ताई, सोडा तो कचरा, कपडे खराब होतील," एवढं बोलल्या आणि गाडीत बसल्या.

आत कपाट उघडं होतं. कुलूप खाली पडलं होतं, हातोडीने फोडलेलं.

चावी तिच्या गळ्यातल्या दोऱ्यात होती. कुणी मागितलीच नव्हती.

ती घरी आली तेव्हा मुठीत एक निळं झाकण होतं. पुढे काही महिन्यांनी ती गेली. डॉक्टर म्हणाले, हृदय. कुठलं कुलूप कशाने गेलं हे चावीवाला बघूनच सांगायचा, आणि त्याच्या हिशेबी हे हातोडीने गेलं होतं.

आता त्या मॅडम त्याच्या फळीवर हात टेकून उभ्या होत्या.

"त्याचं काय आहे काका, हल्ली पालकांना प्लास्टिक नको झालंय. घरातल्याच वस्तू, मुलांच्या हाताला काम, असं सगळं हवंय. वरून पाहणीला लोक येणार आहेत आमच्याकडे. मग आठवलं, तुमच्या मिसेस तसलं काहीतरी करायच्या. घरात काही शिल्लक असेल तर..."

"शिल्लक नाही."

"अरेरे."

"करून देतो," चावीवाला म्हणाला.

मॅडमचा चेहरा उजळला. "द्याल? फार उपकार होतील हो. फक्त एक, त्यांचं नावबिव घालू नका कुठे. म्हणजे आमच्या वर्गाने तयार केलं असं दिसायला पाहिजे. आपलेपणा वाटतो ना."

"वाटतो," तो म्हणाला, आणि त्या दिवशी पहिल्यांदा त्याने त्यांच्या तोंडाकडे नीट पाहिलं.

*

खोटी चावी करायची तर आधी खरी करावी लागते. कुलूप कुठे अडतं हे कळल्याशिवाय ते अडवता येत नाही. म्हणून त्याने आधी सगळं खरं केलं. माना कापल्या, पुठ्ठा वाळवला, झाकणं घासून लख्ख केली. काडेपेट्या जोडीने भरल्या आणि प्रत्येक जोडी कानाशी लावून पाहिली. बालवर्गात झाडलोट करणारी मावशी येताजाता दुकानात डोकावली. वर्गातलं सामान बाहेर टाकायला तिलाच लावलं होतं, आणि तेव्हापासून ती चावीवाल्याच्या डोळ्याला डोळा देत नव्हती.

"दादा, त्या बाईसाठी करताय हे?" ती म्हणाली. "तुमच्या जागी मी असते तर ताटभर शेण दिलं असतं."

"शेण धुतलं की जातं, मावशी."

खरी पाटी पिशवीत ठेवून मग तो दुसऱ्या पाटीला बसला. ही मॅडमची. दिसायला अगदी तशीच. पण बारीक कानशीने त्याने प्रत्येक मानेवरचे आटे एका जागी किंचित खाल्ले. झाकण अर्धा फेरा गोड फिरायचं, मग अडायचं. जोर लावला तर सटकायचं. दुसऱ्या काडेपेट्या घेऊन त्याने प्रत्येकीत वेगळंच काही घातलं, एकीलाही जोडी राहू दिली नाही. तराजूच्या एका कपाच्या तळाला दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये शिशाची तार घातली.

मॅडम एकही वस्तू आधी हातात धरून बघणार नाहीत याची त्याला खात्री होती. त्यांचा हात कशालाच लागत नसे. हातोडीसुद्धा त्यांनी दुसऱ्याकडूनच चालवली होती.

पुढचं त्याने मनात शंभरदा घोळवलं होतं. भरल्या वर्गात, पाहुण्यांसमोर, पालकांसमोर मॅडम म्हणणार, बघा आम्ही काय तयार केलं. आणि काहीच बसणार नाही. त्या घामाघूम होणार. लोक तोंडाला रुमाल लावून हसणार. मग आपण मागून पुढे जायचं, पिशवीतून खरी पाटी काढायची, सगळी झाकणं एकेक करून लावून दाखवायची आणि म्हणायचं, ही माझ्या बायकोची. तुम्ही कचऱ्यात टाकलेली. आणि पाटी परत पिशवीत घालून घरी. त्या इमारतीत तिचं एक झाकणही ठेवायचं नाही.

खऱ्या पाटीच्या झाकणांत त्याने सवयीने एक हट्टी टाकला. घरात तसं एकच झाकण होतं, तिच्या मुठीतून आलेलं. टाकताना त्याचा हात थांबला, पण हट्टीशिवाय खेळ पुरा वाटेना.

*

पाहणीच्या दिवशी वर्ग गच्च भरला होता. पालक मुलांच्या बुटक्या खुर्च्यांवर गुडघे छातीशी घेऊन बसले होते. पाहुण्यांमध्ये एक वयस्कर बाई मुख्य होत्या, चष्मा नाकाच्या टोकावर, बोलणं कमी. चावीवाल्याला मागे भिंतीशी उभं केलं होतं. "तराजू टांगायला माणूस लागेल," असं मॅडम म्हणाल्या होत्या. पिशवी त्याच्या पायाशी होती.

"आमचं तत्त्व साधं आहे," मॅडमनी सुरुवात केली. "घरात जे आहे त्यातून शिकायचं. हे सगळं साहित्य मी आणि माझ्या शिक्षकांनी दिवस-दिवस बसून तयार केलंय."

भिंतीशी मावशी उभी होती. तिने चावीवाल्याकडे पाहिलं. तो समोर बघत राहिला.

"चला, कोण येतं? ये गं तू, ये."

एक मुलगी उठून आली. वर्गातली सगळ्यात लहानखुरी. झाकणताई तिला मुंगी म्हणायची. पहिले कितीतरी दिवस ही पोर शब्द बोलत नव्हती, नुसती झाकणं लावायची. पहिला शब्द ती बोलली तो 'हट्टी', असं झाकणताईने घरी येऊन जेवता जेवता सांगितलं होतं आणि सांगताना घास हातातच राहिला होता. मुलं कोण येणार याचा विचार चावीवाल्याने केलाच नव्हता. त्याच्या मनातल्या वर्गात फक्त मॅडम होत्या.

मुंगीने पाटी पाहिली आणि तिचे डोळे मोठे झाले. सरळ मांडी घालून ती बसली. पांढरं झाकण उचललं, बरोबर मान शोधली, लावलं, फिरवलं. अडलं. तिने काढून पुन्हा लावलं. अडलं. दुसरं घेतलं. सटकलं.

"अगं, नीट फिरव ना," मॅडम हसत म्हणाल्या. "सकाळी जेवली नाहीस का? हातात काही जोर आहे की नाही?"

पालक हसले. मुंगीचे कान लाल झाले. ती खाली मान घालून जोर लावत राहिली.

"आण इकडे, मी दाखवते." मॅडम वाकल्या. झाकण अर्धा फेरा फिरलं आणि त्यांच्या बोटांतून उडून एका पाहुण्याच्या बुटावर आदळलं. आता हसू जरा मोठं आलं. तिकडे दोन मुलं काडेपेट्या कानाशी हलवत होती.

"मॅडम, याची जोडीच नाही."

"असेल, शोध."

"ह्याची पण नाही. कशाचीच नाही!"

मॅडमनी घाईने तराजूकडे बोट केलं. "बरं, इथे बघा, दोन्हीकडे सारखी बटणं टाकली की..." पण बटणं टाकण्याआधीच तराजू एका बाजूला मान टाकून पडला होता. मागच्या रांगेत कुणीतरी म्हणालं, "याला आधी चहा पाजा." सगळा वर्ग खदखदला. मॅडमच्या ओठावर घाम आला. चष्म्यावरून बघत मुख्य बाईंनी विचारलं, "तुम्ही करून पाहिलं होतं ना एकदा?"

अगदी मनात घोळवलं होतं तसंच. चावीवाल्याला वाटलं होतं की छातीवरचा दगड उतरेल. थोडा उतरलाही. त्याने पिशवीचा बंद हातात घेतला.

तेवढ्यात मुलांमध्ये कुजबुज सुरू झाली. "हट्टी आहे. हा पण हट्टी." एकाने विचारलं, "मॅडम, हट्टीची वाटी कुठंय?"

"कसली वाटी?"

"हट्टीची! एक हट्टी असतो ना."

"एक असतो," मुंगी म्हणाली. आवाज अगदी बारीक होता, पण हसणं थांबलं होतं म्हणून सगळ्यांना ऐकू गेला. "झाकणताई एकच ठेवायची. बाकीची लागतात." तिने आपला उजवा हात उघडला. तळव्यावर झाकणाच्या कंगोऱ्यांचे लाल वळ उठले होते. ती त्या हाताकडे बघत होती, मॅडमकडे नाही. "माझा हात विसरला."

ती नुसतं विचारत नव्हती, चूक आपल्याच हाताची आहे असं तिने मानूनच टाकलं होतं.

झाकणताईने या एका पोरीला वर्षभर बसून जे शिकवलं होतं, ते चावीवाल्याने एका कानशीने पुसून टाकलं होतं. आणि मॅडम? त्या घाम पुसत होत्या. उद्या पुन्हा नीट झोपणार होत्या.

तो पुढे गेला. लोक बाजूला झाले. तो मुंगीसमोर खाली बसला. गुडघे कडकडले.

"हात विसरला नाही तुझा," तो म्हणाला. "हात एकदम बरोबर आहे. झाकणं मी बिघडवली."

"तू?" मुंगीने त्याच्याकडे निरखून पाहिलं. "चावीआजोबा?"

"मी. मुद्दाम बिघडवली. ही घे. ही खरी."

त्याने पिशवीतून पाटी काढली आणि तिच्या मांडीवर ठेवली. मुंगीने संशयाने एक झाकण लावलं. ते फिरलं, फिरलं, आणि शेवटी 'टक्' करून बसलं. तिने वर पाहिलं नाही. दुसरं घेतलं. बाकीची मुलं सरकत सरकत तिच्याभोवती आली.

"मुद्दाम?" मॅडमचा आवाज चढला. "काका, पाहुण्यांसमोर? मी तुमचं काय वाकडं केलं होतं?"

चावीवाला उठला. पाठ करून ठेवलेलं भाषण कुठल्या कुठे गेलं होतं.

"कुलूप फोडलंत."

"कसलं कुलूप?"

त्यांना खरंच आठवत नव्हतं. ते त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. एवढे महिने तो ज्या दिवसाबरोबर उठत-झोपत होता, तो दिवस या बाईच्या लेखी झालाच नव्हता. त्याला वाटलं, ओरडावं. पण आवाज उलट खाली गेला.

"हे कपाट. माझ्या बायकोचं. आत हे सगळं होतं, जे तुम्ही आज तुमचं म्हणून दाखवताय. ती दवाखान्यात होती, तुम्ही हातोडीने कुलूप फोडून घेतलंत आणि सामान नळाखाली टाकलंत. चावी तिच्या गळ्यात होती, मॅडम. मागितली असती तर पळत आली असती द्यायला. तुम्ही मागितलीच नाही."

मॅडमनी पाहुण्यांकडे पाहिलं. "मला कुणी सांगितलंच नाही की ते... अहो, जुना पुठ्ठा होता तो..."

"मीच टाकलं बाहेर," मागून मावशी म्हणाली. "यांनी सांगितलं म्हणून. मी म्हटलं होतं, ताईंना विचारा. तर म्हणाल्या, त्यात काय विचारायचं."

मुख्य बाईंनी चष्मा काढला. "मॅडम, आपण तुमच्या खोलीत जरा बोलू," एवढंच म्हणाल्या. त्या उठल्या तरी मॅडम लगेच हलल्या नाहीत. सगळ्या पालकांच्या मधून, बुटक्या खुर्च्यांच्या मधून वाट काढत त्यांना जावं लागलं, आणि कुणीही पाय मागे घेतले नाहीत.

चावीवाला पाटीसाठी वाकला. इथे काही ठेवायचं नाही, असं ठरलं होतं. पण मुंगीने पाटी दोन्ही हातांनी मांडीवर दाबून धरली होती, आणि तिच्या शेजारी एक मुलगा आपली पाळी यायची वाट बघत जिभेने गाल फुगवत होता. चावीवाल्याने हात मागे घेतला.

शेवटी मुंगीच्या हातात निळं झाकण उरलं. तिने ते प्रत्येक मानेवर ठेवून पाहिलं, शहानिशा केली आणि आनंदाने किंचाळली, "हट्टी!"

"हट्टी, हट्टी!" सगळी ओरडली.

"वाटी नाहीये," मुंगी म्हणाली. तिने झाकण चावीवाल्याच्या तळहातावर ठेवलं आणि त्याची बोटं एकेक करून मिटवली. "तू ठेव. हरवू नको."

*

दुसऱ्या दिवशी सकाळी तो नवं कुलूप घेऊन बालवर्गात गेला. पोलादाचं, कडीसकट. कपाटात पाटी, काडेपेट्या, तराजू नीट लावले. बिघडवलेलं सगळं त्याने रात्रीच चुलीत घातलं होतं. मॅडम दारात येऊन उभ्या राहिल्या. डोळे सुजले होते. नोकरी राहिली होती, पण वरच्यांनी अट घातली होती की वर्ग रोज याच सामानावर चालला पाहिजे.

"चावी?" त्यांनी हात पुढे केला.

चावीवाल्याने चावी दोऱ्यात ओवली आणि मावशीच्या गळ्यात घातली.

"ही एकच आहे," तो मॅडमना म्हणाला. "दुसरी मी करणार नाही, आणि हे कुलूप हातोडीने जात नाही. पाहिजे तर बोलवा कुणाला."

"म्हणजे मी रोज हिच्याकडे..."

"मागायची."

मावशीने चावी पदराआड सरकवली आणि ताठ उभी राहिली. इतकं ताठ तिला कुणी पाहिलं नव्हतं.

त्यानंतर मावशी रोज घरी जाताना दुकानावरून जाऊ लागली. निळं झाकण फळीवर एका छोट्या वाटीत ठेवलेलं असायचं. चावीवाला कानस खाली ठेवायचा.

"मागितली?"

"मागितली."

"कशी?"

"आज म्हणाली, चावी दे."

"मग?"

"मी झाडत राहिले. मग म्हणाली, मावशी, चावी देता का?"

चावीवाला पुन्हा कानस उचलायचा. "बरं," तो म्हणायचा. "उद्या बघू."